‘माझ्याकडे तर चालतंय’ आणि डॉकरचा डबा

आमच्या लॅबची एक छोटी वेबसाइट आहे. सेन्सरचे तापमानाचे आकडे तिथे टाकायचे, तारखेनुसार शोधायचे, महिन्याची सरासरी बघायची, बस. पीएचपी आणि मारियाडीबीत एका सीनियरने बनवलेली. थीसिस देऊन जाताना तो म्हणाला होता, "सगळं डॉकरमध्ये आहे, एक कमांड मार, उभं राहील." माझ्या पेपरमधल्या दोन आकृत्या या साइटवरून काढलेल्या सरासऱ्यांवर उभ्या आहेत, आणि रिव्ह्यूअरने नेमकी त्यातल्याच एका सरासरीवर शंका काढली. म्हणजे साइट माझ्या लॅपटॉपवर चालवून ती सरासरी कोडमध्ये कशी निघते हे ओळीओळीने बघणं आलं. कमांड मारली. उभं राहिलं नाही.

ज्यांनी डॉकर वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कंटेनर म्हणजे छोटा संगणक नव्हे. लिनक्सचा कर्नल तोच असतो. फक्त आतल्या प्रोसेसला स्वतःच्या वेगळ्या फाइली, वेगळं नेटवर्क दिसेल अशी सोय केलेली असते. (मॅक आणि विंडोजवर त्यासाठी आधी पडद्यामागे एक आभासी लिनक्स चालवावं लागतं.) कल्पना जुनीच आहे. युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ १९७९ साली आलं, फ्रीबीएसडीत ‘जेल’ २००० साली. डॉकर २०१३ मध्ये लोकांसमोर आलं. माझ्या मते त्याची खरी कमाई म्हणजे तयार डबा, ज्याला इमेज म्हणतात, एकमेकांना देणं त्याने सोपं केलं. भिंती आधीही होत्या.

संशोधकांना हे आवडणारच. परिसंस्थांचा अभ्यास करणाऱ्या कार्ल बोटिगर यांनी २०१५ मध्ये एक लेख लिहून डॉकरची ओळख संशोधकांना करून दिली. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचा गुंता, अपुऱ्या सूचना, काळानुसार कोड सडत जाणं या दुखण्यांवर डॉकर उपयोगी पडेल, आणि डॉकरफाइल ही माणसाला वाचता येणारी नोंद ठरेल, असं त्यांचं म्हणणं. ते मला बरंचसं पटतं. माझ्या लॅपटॉपवर पीएचपी ८ आहे, साइटला ७.० लागतं, आणि दोन्ही एकमेकांना धक्का न लावता नांदतात, हे डॉकरमुळेच. पण लॅबमध्ये या म्हणण्याचं झालंय असं, की ‘डॉकरफाइल दिली म्हणजे प्रयोग पुन्हा करता येतो’. इथे माझं भांडण आहे.

डॉकरफाइल ही पाककृती आहे. भरलेला डबा म्हणजे इमेज. आमच्या पाककृतीत पहिली ओळ ‘डेबियन स्ट्रेच’ची, आणि दुसरीत पॅकेज मागवायचं फर्मान. पॅकेज येतात ती आजच्या सर्व्हरवरून. स्ट्रेच २०१७ साली आलं, त्याचा दीर्घ मुदतीचा आधारही जून २०२२ मध्ये संपला, आणि त्यानंतर त्याची पॅकेज नेहमीच्या पत्त्यावरून अर्काइव्हमध्ये हलली. त्यामुळे माझ्यासमोर ४०४ ची रांग. पाककृती बरोबर, पण वाण्याने दुकान हलवलेलं! पत्ता बदलून अर्काइव्हचा दिला तेव्हा काम पुढे सरकलं. सीनियरने तयार इमेज ‘डॉकर सेव्ह’ने एका फाइलीत ठेवून दिली असती तर पाच मिनिटांत झालं असतं. अर्थात नुसती इमेजही पुरत नाही, आत काय घातलंय ते धड वाचता येत नाही. दोन्ही हवेत.

साइट उभी राहिली, पण डिबगर चालेना. दोन दिवस गेले त्यात. एक गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं: एक्सडिबगमध्ये एडिटर कंटेनरला फोन करत नाही, कंटेनरमधलं पीएचपी एडिटरला करतं. आणि कंटेनरच्या आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनरच. तो बिचारा स्वतःलाच हाका मारत बसलेला. बाहेरच्या मशीनसाठी ‘होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल’ हे नाव द्यावं लागतं, आणि माझ्यासारखं साधं लिनक्स असेल तर कंपोझ फाइलीत ‘एक्स्ट्रा होस्ट्स’खाली ‘होस्ट-गेटवे’शी ते जोडावंही लागतं. पुढची अडचण पोर्टची. स्ट्रेचमधलं जुनं एक्सडिबग ९००० वर बोलतं, एक्सडिबग ३ पासून ते ९००३ झालं, आणि माझा नवा एडिटर ९००३ वर कान लावून बसला होता. तेही जुळवलं, तरी ब्रेकपॉइंटवर थांबेना! कारण आत फाइल ‘व्हार’खालच्या फोल्डरमध्ये, माझ्याकडे ती ‘होम’खाली. दोन्ही पत्त्यांची जोडी एडिटरला लिहून दिल्यावर एकदाचं थांबलं.

ही सगळी दुखणी डॉकर नसताना नसतात, हेही मान्य करायला हवं. पीएचपी थेट लॅपटॉपवर असतं तर एक्सडिबगची ‘लोकलहोस्ट’ची मूळ सेटिंग तशीच चालली असती.

आता सरासरी. सेन्सर बंद असेल त्या दिवशी डेटाबेसमध्ये ‘नल’ जातं. एसक्यूएलचं सरासरीचं फंक्शन नल सोडून देतं. पण या पानावर सगळ्या नोंदी पीएचपीत आणून बेरजेला नोंदींच्या संख्येने भागलं होतं. पीएचपीची बेरीज नलला शून्य धरते, आणि मोजणी मात्र त्यालाही मोजते. २०, नल, २४ यांची सरासरी एसक्यूएलमध्ये २२, आमच्या पानावर १४.६७. महिन्यात एखादाच दिवस रिकामा असला की फरक लहान पडतो, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यात आला नाही. रिव्ह्यूअरच्या आला.

आणि डॉकर? तो आपलं काम चोख करत होता. ज्या ज्या मशीनवर साइट चालली तिथे तिथे अगदी हाच चुकीचा आकडा आला असता, एकाही दशांशाचा फरक न पडता. ‘सगळीकडे सारखंच उत्तर येतं’ हे ऐकून आपण निर्धास्त होतो, पण त्या वाक्यात उत्तर बरोबर आहे असं कुठे म्हटलंय?

गाइडना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "दोन्ही आकृत्या पुन्हा काढ." एक निघाली, दुसरी आज रात्री. डेटाबेसचा डंप, इमेजची फाइल आणि दुरुस्त पाककृती हार्डडिस्कवर एकाच फोल्डरमध्ये ठेवलीय. रिव्ह्यूअरला उत्तर लिहायचं अजून बाकी आहे.