'अंधाधुन' : उत्तर-आधुनिक गुन्हेपटातील निवेदन, शैली आणि साक्षीचा प्रश्न

सारांश

श्रीराम राघवन दिग्दर्शित 'अंधाधुन' (२०१८) हा पुण्यात घडणारा हिंदी गुन्हेपट उत्तर-आधुनिक चित्रपटाचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितला जातो. हे विधान कितपत टिकते आणि त्यातून काय निष्पन्न होते, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. चित्रपटाची निवेदनरचना, पूर्वीच्या चित्रपटांशी असलेले त्याचे नाते आणि त्यातील दृश्य-ध्वनींची योजना यांचा विचार करताना तुलनेसाठी 'अर्धसत्य' (१९८३) हा चित्रपट घेतला आहे. साक्ष देणे शक्य आहे का, आणि दिलेली साक्ष कोणाच्या विश्वासावर उभी राहते, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रस्तावना

गुन्हेकथा ही मुळात ज्ञानाची कथा असते. काहीतरी घडलेले असते, ते दडवलेले असते आणि कथेच्या शेवटी ते उघड होते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा क्रम चांगला परिचित आहे. गुन्हेगार सापडला की वाचकाच्या मनातील जगाची घडी पुन्हा बसते. गुन्हा हा अपवाद आणि उलगडा हा नियम, असे या प्रकाराचे गृहीतक आहे.

समांतर चित्रपटाने या गृहीतकाला पहिला मोठा धक्का दिला. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी 'अर्धसत्य' दिग्दर्शित केला. त्यात गुन्हेगार कोण हे पहिल्यापासून ठाऊक असते. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) रंगभूमीवरून पुढे आलेल्या सदाशिव अमरापूरकरांनी साकारलेला रामा शेट्टी काहीही लपवत नाही. तो थंडपणे, आवाज न चढवता वावरतो, कारण कायदा आपल्यापर्यंत पोहोचणार नाही याची त्याला खात्री आहे. या भूमिकेसाठी अमरापूरकरांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. येथे रहस्य गुन्ह्याचे नाही. व्यवस्थेत राहून माणूस किती काळ अर्ध्या सत्यावर जगू शकतो, हे येथील रहस्य आहे.

'अंधाधुन' हा त्यापुढचा टप्पा आहे. येथे गुन्हा ठाऊक आहे, गुन्हेगार ठाऊक आहेत, साक्षीदारही ठाऊक आहे. मात्र साक्षीदाराच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. या फरकाचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संज्ञेची व्याप्ती

ल्योतार यांनी १९७९ मध्ये उत्तर-आधुनिक अवस्थेचे वर्णन महाकथनांवरील अविश्वास असे केले. जेम्सन यांना या अवस्थेतील कलेत हेतुशून्य अनुकृती दिसली. जुन्या शैलींचे मुखवटे चढवले जातात, पण त्यामागे उपहासाची धार नसते. याउलट लिंडा हचन यांच्या मते उत्तर-आधुनिक विडंबन भूतकाळाकडे टीकात्म नजरेने पाहते. गुन्हेपटांच्या चर्चेत या संज्ञेला लोकप्रियता लाभली ती प्रामुख्याने क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या 'पल्प फिक्शन'मुळे (१९९४). तेव्हापासून उलटसुलट काळक्रम, अन्य चित्रपटांचे संदर्भ आणि हिंसेतील विनोद ही तीन लक्षणे दिसली की चित्रपटाला 'उत्तर-आधुनिक' म्हणण्याचा प्रघात पडला.

ही लक्षणांची यादी अपुरी आहे. काळक्रम मोडणे हे तंत्र आहे. त्या मोडतोडीतून सत्याविषयी कोणती भूमिका व्यक्त होते, हा खरा प्रश्न आहे. अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन'मध्ये (१९५०) एकाच घटनेच्या परस्परविरोधी साक्षी आहेत. तरीही साक्ष ही गंभीर गोष्ट आहे, असे तो चित्रपट मानतो. म्हणून 'अंधाधुन'ची तपासणी यादीनुसार न करता त्यातील निवेदनाच्या अंगाने करणे इष्ट ठरते.

उसन्या गोष्टीचे रूपांतर

'अंधाधुन'चे बीज ऑलिव्हिए त्रेनेर यांच्या 'लाकोर्दर' (२०१०) या फ्रेंच लघुपटात आहे. आंधळेपणाचे सोंग घेतलेला पियानो जुळवणारा माणूस खुनाच्या जागी जाऊन पोहोचतो, एवढेच ते बीज. राघवन आणि त्यांच्या सहलेखकांनी त्यातून पूर्ण लांबीची पटकथा उभी केली. तिला ६६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट रूपांतरित पटकथेचा सन्मान मिळाला. चित्रपट सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला आणि आयुष्मान खुराना यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विकी कौशल यांच्यासह विभागून मिळाला.

उसनवारी न लपवणे हा राघवन यांच्या शैलीचा स्थायीभाव आहे. 'जॉनी गद्दार' (२००७) हा चित्रपट त्यांनी विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला होता. त्या चित्रपटाचा नायक 'परवाना' (१९७१) पाहताना त्यातील रेल्वे आणि विमानाची युक्ती उचलतो व तिच्या आधारे गुन्ह्याची आखणी करतो. तेथे जुना चित्रपट हा कथानकाचा भाग आहे. पात्रे चित्रपट पाहून गुन्हा शिकतात. 'अंधाधुन'ची अर्पणपत्रिका 'छायागीत' आणि 'चित्रहार' या दूरदर्शनवरील गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी आहे. येथे स्मृतीचे स्वरूप बदलते. प्रमोद सिन्हा या विस्मृतीत गेलेल्या नटाची भूमिका अनिल धवन यांनी केली आहे, आणि हे पात्र स्वतःची म्हणून जी जुनी गाणी पाहत बसते ती धवन यांच्याच सत्तरच्या दशकातील चित्रपटांतील आहेत. पात्राचा भूतकाळ आणि नटाचा भूतकाळ एकमेकांत मिसळतात. जेम्सन यांच्या अर्थाने ही हेतुशून्य अनुकृती नव्हे. आपल्याच प्रतिमेत रमलेला हा नवरा पत्नीच्या वर्तमानाकडे पाहत नाही, आणि लग्नाच्या वाढदिवशी तिला अनपेक्षित आनंद द्यायला गेला असता मारला जातो. गतकाळाविषयीचा जिव्हाळा आणि त्याच गतकाळाने आणलेला आंधळेपणा, दोन्ही एकाच प्रतिमेत आहेत.

पियानोचे दृश्य : दृश्य आणि ध्वनी यांतील विरोध

चित्रपटाचे केंद्र सिमीच्या घरातील प्रसंगात आहे. आकाश पियानो वाजवत असताना जमिनीवर पडलेले प्रेत त्याला दिसते. नंतर न्हाणीघरात शस्त्रासह दडलेला मनोहरही दिसतो. आपल्याला दिसते हे तो दाखवू शकत नाही. तो आंधळा आहे हे गृहीत धरून सिमी आणि मनोहर त्याच्यासमोरच खुणांनी बोलत प्रेत हलवण्याच्या तयारीला लागतात. या दीर्घ प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीत. के. यू. मोहनन यांचे छायाचित्रण आणि पूजा लढा सुर्ती यांचे संकलन यांवरच त्याचा भार आहे.

प्रसंगाची घडण ध्यानात घेण्याजोगी आहे. मूकपटात दृश्याच्या सोबतीला कोणीतरी पियानो वाजवत असे. त्या वादकाने दृश्यात भाग घ्यायचा नसे. येथे वादक दृश्याच्या आत बसलेला आहे, तो सर्व पाहतो आणि तरीही त्याला वाजवतच राहावे लागते. प्रेक्षकाची अवस्था याहून वेगळी नाही. तोही पाहतो, बोलू शकत नाही आणि मनातल्या मनात सुरावटीचा आनंद घेतो. या प्रसंगात प्रेक्षकाला हसू येते, हे महत्त्वाचे आहे. त्या हसण्यातून तो नकळत सहभागी होतो, आणि पुढे शेजारीण डिसा बाईंना सिमी आकाशच्या डोळ्यांदेखत खाली ढकलते तेव्हा ते हसू परत घेता येत नाही.

दोन पोलीस ठाणी

'अर्धसत्य'च्या अखेरीस अनंत वेलणकर रामा शेट्टीचा खून करतो आणि पोलीस ठाण्यात जाऊन तो कबूल करतो. त्या कबुलीने व्यवस्था सुधारत नाही. पण बोललेले सत्य ऐकून घेणारी एक जागा आहे, एवढा विश्वास त्या शेवटात शिल्लक राहतो. आधुनिकतेचा हा शेवटचा ठेवा म्हणता येईल.

'अंधाधुन'मध्ये आकाशही पोलीस ठाण्यात जातो. खुनाची माहिती देण्याच्या निर्धाराने गेलेल्या आकाशला समोर मनोहरच भेटतो, तोही पोलीस अधिकारी म्हणून. आकाश खुनाची बातमी गिळतो आणि भलतीच तक्रार पुढे करतो. दृश्य विनोदी आहे, पण त्याचा आशय 'अर्धसत्य'पेक्षा कठोर आहे. वेलणकरला सत्य सांगण्याची किंमत मोजावी लागते. आकाशला सत्य सांगण्याची जागाच उरत नाही. यानंतर चित्रपटातील प्रत्येक सत्य हे सौद्याचे चलन बनते. सोसायटीतल्या मुलाने मोबाइलवर टिपलेले चित्रण, मुरली आणि सखू यांना सांगितलेली हकीकत, डॉक्टर स्वामींचा अवयवविक्रीचा हिशेब, सर्व एकाच बाजारात येते. चित्रपटाच्या आरंभी येणारी, जगणे आणि यकृत या अर्थांवर खेळणारी श्लेषाची ओळ तोवर केवळ विनोद राहिलेली नसते.

याच टप्प्यावर सोंग खरे होते. सिमी औषध घालून आकाशची दृष्टी खरोखरच हिरावून घेते. ज्याला दिसत असूनही साक्ष दिली नाही, त्याची साक्ष देण्याची क्षमताच जाते. या घटनेला काव्यगत न्याय म्हणण्याचा मोह होतो. परंतु न्याय करणारी व्यक्ती स्वतः खुनी आहे, म्हणून चित्रपट तो मोह पुरा होऊ देत नाही.

ससा, काठी आणि डबा

चित्रपटाची सुरुवात कोबीच्या शेतात एका डोळ्याने अधू असलेल्या सशाच्या शिकारीने होते. बंदुकीचा बार, वाहनाचा आवाज, आणि दृश्य तुटते. त्याचा संबंध शेवटाला कळतो. दोन वर्षांनंतर युरोपातील एका शहरात आकाश सोफीला उरलेली हकीकत सांगतो : सिमीने डॉक्टरवर मात केली, गाडी ताब्यात घेतली, आकाशला सोडून दिले, मग त्याला चिरडण्यासाठी गाडी वळवली, तेवढ्यात उधळलेला ससा काचेवर आदळला आणि गाडी उलटली. त्यानंतर तो निघून जातो आणि हातातील काठीने वाटेतला डबा अचूक टोलवतो. काठीची मूठ सशाच्या डोक्याच्या आकाराची आहे.

हिचकॉक यांच्या 'स्टेज फ्राइट'मध्ये (१९५०) पात्राने सांगितलेली खोटी हकीकत दृश्यरूपात दाखवली होती आणि शेवटी ती खोटी असल्याचे स्पष्ट केले होते. 'द युज्वल सस्पेक्ट्स'मध्ये (१९९५) निवेदकाने समोरच्या वस्तूंतून कथा रचल्याचे उघड होते. 'अंधाधुन'मध्ये असा निर्णायक खुलासा नाही. डबा टोलवल्याने आकाशला दिसते हे सूचित होते. त्याला दृष्टी कोणत्या मार्गाने मिळाली हे सांगितले जात नाही. सिमीचे नेत्रपटल त्याने घेतले असल्यास तो खुनात सहभागी ठरतो.

येथे एक अडचण आहे आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. ससा हा आकाशने काठीच्या मुठीवरून रचलेला असेल, तर चित्रपटाच्या आरंभी, आकाश बोलू लागण्यापूर्वीच, तो आपल्याला कोणी दाखवला? दोन शक्यता उरतात. ससा खरोखर होता, आणि आकाशने फक्त आपला वाटा लपवला. किंवा संपूर्ण चित्रपटच आकाशची हकीकत आहे, आणि मग पियानोच्या प्रसंगासह काहीच निश्चित राहत नाही. पहिली शक्यता मानल्यास 'अंधाधुन' हा एका असत्याभोवती बांधलेला पारंपरिक गुन्हेपट ठरतो. दुसरी मानल्यास तो पूर्णार्थाने उत्तर-आधुनिक ठरतो. चित्रपट दोन्ही वाटा खुल्या ठेवतो. मात्र घटनांची कार्यकारण-साखळी इतकी घट्ट आहे की पहिली शक्यता अधिक पटते. त्यातील अनिश्चितता जगाविषयीची नसून माणसाच्या शब्दाविषयीची आहे.

मर्यादा

या शैलीची किंमतही नोंदवणे आवश्यक आहे. रिक्षाचालक मुरली आणि लॉटरीची तिकिटे विकणारी सखू (छाया कदम) ही पात्रे कथेत नव्या वळणासाठी येतात. त्यांची गरज, त्यांचा लोभ, अवयवांच्या व्यापारातील त्यांचे स्थान यांवर कॅमेरा थांबत नाही. मुरलीचा मृत्यू पुढील घटनेच्या वेगात विरतो. डिसा बाईंसाठीही शोक करणारे कोणी दिसत नाही. 'अर्धसत्य'मध्ये कोठडीत मारल्या गेलेल्या भुरट्या चोराचा मृत्यू संपूर्ण चित्रपटाची दिशा बदलतो. 'अंधाधुन'मध्ये मृत्यू पटावरील सोंगट्यांसारखे बाजूला होतात. खेळकर शैलीला दुय्यम पात्रांचे दुःख परवडत नाही, ही केवळ या चित्रपटाची नव्हे, तर या प्रकाराचीच उणीव आहे.

निष्कर्ष

१. 'अंधाधुन'चे उत्तर-आधुनिकत्व त्याच्या संदर्भबहुलतेत किंवा हिंसेतील विनोदात नसून अविश्वसनीय निवेदनात आहे. घटनांची रचना मात्र बव्हंशी पारंपरिक आहे.

२. जुन्या चित्रपटांचे संदर्भ येथे हेतुशून्य अनुकृती नाहीत. स्मरणरंजन आणि आंधळेपणा यांतील नाते ते दाखवतात.

३. 'अर्धसत्य' ते 'अंधाधुन' या पस्तीस वर्षांच्या प्रवासात गुन्हेपटातील कबुलीची जागा पोलीस ठाण्यातून एका परक्या शहरातील खासगी संभाषणात गेली. सत्य ऐकून घेणारी सार्वजनिक संस्था कथेतून नाहीशी झाली आणि तिचे काम प्रेक्षकावर येऊन पडले.

४. त्यामुळे डबा उडाल्यावर आपण कोणती हकीकत खरी मानतो, हा केवळ रसास्वादाचा प्रश्न राहत नाही. आकाशवर विश्वास ठेवणे सोयीचे आहे, कारण तो आपल्याला आवडलेला असतो. आवडणाऱ्या माणसाची साक्ष तपासून पाहण्याची तयारी प्रेक्षकात आहे का, हे हा चित्रपट विचारतो. त्याची शैली या प्रश्नापर्यंत नेऊन सोडते, आणि तेवढ्यापुरती ती आपल्या खेळकरपणाची भरपाई करते.