जपानी प्रेमोक्ती आणि मराठी अनुवादक

जपानी माणूस प्रेम शब्दांनी बोलत नाही, हे विधान इतक्या वेळा कानी येते की त्यास सिद्धान्ताचे रूप आले आहे. पुरावा म्हणून नात्सुमे सोसेकी (१८६७–१९१६) याची आख्यायिका सांगतात. इंग्रजीच्या वर्गात प्रेमाच्या कबुलीचे भाषांतर त्याने चंद्राच्या सौंदर्यावरील वाक्याने करावयास सांगितले म्हणे! कथा गोड आहे. मात्र सोसेकीच्या लेखनात तिला आधार सापडत नाही. उलट त्याचाच समकालीन फुताबातेई शिमेई याने १८९६ साली तुर्गेन्येवच्या ‘आस्या’ या कथेचा अनुवाद केला, तेव्हा नायिकेच्या समर्पणाच्या एका लहानशा रशियन शब्दाऐवजी मरणही पत्करण्याची भाषा तिच्या मुखी घातली. हा काही संकोच नव्हे. सुमारे ९०५ साली सिद्ध झालेल्या ‘कोकिनशू’ या राजाज्ञेने संपादिलेल्या संग्रहाच्या वीस भागांपैकी पाच केवळ प्रेमकवितेला वाहिलेले आहेत. मुक्या समाजाचे हे लक्षण खासच नाही.

भेद आहे तो वाक्यरचनेचा. प्रेमाची कबुली देताना जपानी तरुण बहुधा ‘सुकी देस’ एवढेच म्हणतो. यात ‘मी’ नाही, ‘तू’ही नाही. ‘सुकी’ हे क्रियापद नसून विशेषणाच्या जातीचे पद आहे, आणि जी व्यक्ती आवडते तिला ‘गा’ हा सामान्यतः कर्त्यास लागणारा प्रत्यय लागतो. ‘आय’पासून झालेले ‘आयशितेरू’ हे रूपही आहे, पण नित्याच्या बोलण्यात ते विरळ. (चिनी बौद्ध ग्रंथांत द्वादश निदानांतील ‘तृष्णा’ ज्या चिन्हाने लिहिली, तेच हे ‘आय’चे चिन्ह, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.)

आपला अनुवादक इंग्रजीच्या वाटेने जातो आणि ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ असे लिहितो. वस्तुतः मराठीला ही रचना उसनी घ्यावयाचे काहीच कारण नव्हते. ‘आवडतेस’ या एका पदात आवडणारी व्यक्तीच कर्ता असते, आणि ‘मला’ गाळले तरी अर्थ उणावत नाही. आमच्या बेळगाव भागातील विद्यार्थ्यास तर कानडीतील ‘ननगे इष्ट’ परिचित असते. त्याला हे समजावण्यास फळा-खडूही लागू नये.

खरी अडचण पुढेच आहे. जपानी क्रियापद लिंग सांगत नाही. सोसेई हा भिक्षू. पण प्रियकराची रात्रभर वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या भूमिकेतून त्याने रचलेली कविता ‘कोकिनशू’त आहे. तेथे स्त्रीचा निर्देश व्याकरण करीत नाही. पुरुषाने भेटीस जावयाचे व स्त्रीने वाट पाहावयाची, या तत्कालीन रिवाजावरून वाचक तो ओळखतो. मराठीत ‘वाट पाहते’ म्हटले की गुपित पहिल्याच पदात फुटले. यावर उपाय आपल्या कर्मणी प्रयोगात आहे. ‘वाट पाहिली’ यातील स्त्रीलिंग वाटेचे, पाहणाराचे नव्हे. ‘मात्सु’ या शब्दावरील श्लेष, म्हणजे चीड वृक्ष आणि वाट पाहणे हे दोन अर्थ, मराठीत आणणे मला तरी असाध्य दिसते. तेथे टीप द्यावी. परंतु ‘पाहिली’ हाताशी असता ‘पाहते’ लिहिणे ही अनुवादकाची हयगयच म्हटली पाहिजे.