अवरक्त प्रतिमेतील काळे पाणी : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

हिंगोली जिल्ह्याच्या उपग्रह प्रतिमेत पूर्णेवरील सिद्धेश्वर व पैनगंगेवरील इसापूर हे जलाशय काळ्या डागांसारखे उठून दिसतात. प्रचलित रंगयोजनेत अवरक्त पट्ट्यास तांबडा रंग दिला जात असल्याने पिके लाल दिसतात; पाणी मात्र अवरक्त किरण शोषून घेते आणि काळे उरते. साध्या अवरक्त छायाचित्रातही हेच घडते. रॉबर्ट वुड यांच्या १९१० मधील छायाचित्रांत निळे आकाश काळवंडलेले आहे. अशा आकाशाचे संथ पाण्यातील प्रतिबिंबही काळेच असणार.

हा काळा रंग देखणा आहे, परंतु त्याचे वाचन बहुधा उतावीळपणे केले जाते. जितका रंग गडद तितके पाणी खोल, हा समज निराधार होय. एक मीटर पाण्यातून जाऊन परत येईपर्यंत जवळजवळ सर्व अवरक्त प्रकाश शोषला जातो. परिणामी धरणाच्या भिंतीलगतचे खोल पाणी आणि काठाकडील जेमतेम दोन मीटर पाणी प्रतिमेत सारखेच दिसते. प्रतिमा पाण्याचा विस्तार सांगते, साठा नव्हे. टंचाईच्या वर्षी नेमका साठाच विचारला जातो, हे येथे विसरता येत नाही.

दुसरी अडचण या भूमीचीच आहे. बेसाल्टपासून बनलेली काळी कसदार जमीन, विशेषतः ओली व नांगरलेली असता, अवरक्तातही गडद दिसते. ढगांच्या सावल्या त्यात भर घालतात. उलट पुराने गढूळ झालेली कयाधू फिकट निळसर दिसते, तर जलपर्णीने झाकलेला तलाव चक्क शेतासारखा लाल! जे पाणी नाही ते काळे आणि जे पाणी आहे ते लाल, अशी ही उलटापालट आहे. लघुतरंग अवरक्त पट्टा जोडल्यास कोरडी जमीन पाण्यापासून बरीच वेगळी काढता येते. ओल्या रानाबाबत मात्र सावधगिरी हवीच.

शेततळ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत कमाल आकार ३० मीटर लांब व तितकाच रुंद होता. भारतीय उपग्रहांवरील लिस-३ संवेदकाचा एक चित्रबिंदू २३.५ मीटरचा आहे. एवढ्या बिंदूत तळे, बांध व पीक एकत्र मिसळतात आणि शुद्ध काळा रंग क्वचितच मिळतो. सेंटिनेल-२ चा अवरक्त पट्टा १० मीटरचा असल्याने मोठी तळी त्यात ओळखता येतात, १५ मीटरची तळी मात्र तेथेही संदिग्धच राहतात.