किल्लीवाचून उघडलेले दार

इन्शुलिनचे कार्य शिकवताना आपण सर्वच शिक्षक कुलूप-किल्लीची उपमा वापरतो. पेशी हे घर, ग्लुकोज हा पाहुणा आणि इन्शुलिन ही दाराची किल्ली. आम्हीही वर्षानुवर्षे असेच शिकवले. मग एका मुलीने विचारले, "आईच्या शरीरात इन्शुलिन आहे, असे डॉक्टर म्हणतात. तरी तिची साखर वाढतेच. किल्ली असून दार का उघडत नाही?" आमच्या उपमेपाशी उत्तर नव्हते.

उपमेतला दोष एका विषाणूमुळे स्पष्ट होतो. ही कथा मुंबईत सुरू होते. १९८०च्या दशकात कोंबड्यांमध्ये एका विषाणूची साथ आली. मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात भरपूर चरबी आढळते, हे पशुवैद्यक डॉ. अजिंक्य यांच्याकडून ऐकून डॉ. निखिल धुरंधर यांनी शोध सुरू केला. पुढे अमेरिकेत त्यांनी मानवी अ‍ॅडेनोविषाणू-३६ अभ्यासला. त्याच्या संसर्गाने कोंबड्या आणि उंदीर यांची चरबी वाढते, असे २००० साली प्रसिद्ध झाले.

या विषाणूचे 'ई४-ओआरएफ१' हे प्रथिन पेशीत एकटेच घातले, तरी पेशी जास्त ग्लुकोज शोषते. तेही इन्शुलिनच्या ग्राहक प्रथिनाची मदत न घेता! हे कसे घडते?

ग्लुकोज आत आणणारी ग्लुट-४ ही वाहक प्रथिने स्नायू व चरबीच्या पेशींत एरवी बहुतांशी आतल्या पिशव्यांत असतात. इन्शुलिन बाहेरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटते, आत निरोपांची साखळी सुरू होते आणि वाहक पृष्ठभागावर येतात. म्हणजे इन्शुलिन दार उघडत नाही. ते घंटा वाजवते. टाइप-२ मधुमेहात घंटा वाजूनही निरोप वाटेत क्षीण होतो. विषाणूचे प्रथिन घंटेला न शिवता साखळीच्या मधल्या कड्या, रास आणि पीआय-३ कायनेज, चालू करते.

'लठ्ठपणाचा विषाणू' किंवा 'मधुमेहावर विषाणूचा उतारा' असे मथळे मात्र आम्हाला मान्य नाहीत. लठ्ठ व्यक्तींत प्रतिपिंडे अधिक वेळा सापडली, एवढ्यावरून विषाणू हे लठ्ठपणाचे कारण ठरत नाही. उंदरांची साखर आटोक्यात आली, म्हणून माणसांचा उपचार सिद्ध होत नाही.

किल्लीची उपमा टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. इन्शुलिन आणि त्याचे ग्राहक प्रथिन या जोडीला ती चपखल बसते. पण ती तिथेच संपते, हेही वर्गात सांगायला हवे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यापुढेच सुरू होते.