जुन्या वहीतली गाणी

व्हॅन हेलन या बँडचा ‘अ डिफरंट काइंड ऑफ ट्रुथ’ हा अल्बम ७ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला आणि त्याच्या चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात सुमारे १ लाख ८७ हजार प्रती खपल्या. बिलबोर्डच्या यादीत तो अडेलच्या ‘२१’ खालोखाल दुसरा आला. म्हणजे लोकांनी विकत घेतला, ऐकला, आणि मग भांडण सुरू झाले. हे भांडण नुसते आवडीनिवडीचे नाही, म्हणूनच त्याविषयी लिहावेसे वाटले.

ज्यांचा या संगीताशी फारसा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. एडी आणि अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन हे दोघे भाऊ, गायक डेव्हिड ली रॉथ आणि बेस वाजवणारा मायकेल अँथनी या चौघांनी १९७८ ते १९८४ या काळात सहा अल्बम काढले. एडीने गिटारच्या पट्टीवर दोन्ही हातांच्या बोटांनी टकटक करून स्वर काढायची पद्धत अशी काही लोकप्रिय केली, की पुढची दहा वर्षे पोरे तेच गिरवत बसली. १९८५ साली रॉथ बाहेर पडला. त्याच्या जागी सॅमी हेगर आला, आणि त्याच्याबरोबरचे चारही स्टुडिओ अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९९८ मध्ये तिसऱ्या गायकाबरोबर केलेला प्रयोग फसला. त्यानंतर चौदा वर्षे नवा स्टुडिओ अल्बम नाही. २०१२ चा हा अल्बम म्हणजे रॉथबरोबर अठ्ठावीस वर्षांनी केलेला पहिला संपूर्ण अल्बम.

चाहत्यांची पहिली तक्रार अशी, की ही गाणी नवी नाहीतच. आणि ते खरे आहे. तेरांपैकी जवळजवळ निम्म्या गाण्यांची मुळे जुन्या ध्वनिफितींमध्ये सापडतात. ‘टॅटू’ हे गाणे पूर्वी ‘डाउन इन फ्लेम्स’ या नावाने वाजत असे. ‘बिग रिव्हर’ आधी ‘बिग ट्रबल’ होते. ‘शीज द वुमन’ तर बँडला कंपनी मिळण्यापूर्वी, १९७६ साली, ‘किस’च्या जीन सिमन्सने स्वतःच्या पैशाने करवून घेतलेल्या ध्वनिमुद्रणातले. ‘चौदा वर्षे वाट पाहायला लावलीत आणि हातात काय दिलेत, तर माळ्यावरचे सामान!’ असा या मंडळींचा एकंदर सूर.

दुसरा तट म्हणतो, त्यात बिघडले काय? या बँडने हेच नेहमी केले आहे. १९८४ साली आलेल्या अल्बममधले ‘हाउस ऑफ पेन’ही सिमन्सच्या त्याच ध्वनिमुद्रणात होते. तेव्हा कोणी ब्र काढला नाही. आपल्याकडे एखाद्या बुवांनी विसाव्या वर्षी शिकलेली चीज सत्तराव्या वर्षी गायली, तर तिला आपण शिळी म्हणत नाही. उलट आता ती मुरली असे म्हणतो.

हा दाखला मला आकर्षक वाटतो, पण पूर्ण पटत नाही. बंदिश ही गायकाने भर घालण्यासाठीच असते. रॉक अल्बमकडून मात्र रचनाच नवी असावी अशी अपेक्षा असते. तेव्हा प्रश्न असा विचारला पाहिजे: जुन्या रचनेत या खेपेला काही भर पडली का? इथे गाण्यागणिक उत्तर बदलते. ‘शीज द वुमन’ पाहा. त्याचा मूळचा मधला तुकडा १९८१ मध्येच ‘मीन स्ट्रीट’ या गाण्यासाठी काढून वापरला गेला होता. म्हणजे २०१२ मध्ये गाणे परत घेताना मधोमध भगदाड होते, आणि तिथे नवे काही रचावे लागले. आम्ही प्रोग्राम लिहिणारे लोक हे काम ओळखतो. जुना चालता कोड फेकून देण्यात शहाणपणा नसतो. पण त्यातला काढून नेलेला भाग पुन्हा बसवायचा, तर उरलेला सगळा नीट समजून घ्यावा लागतो. ते इथे झाले आहे. गाणे धावते, आणि सांधा दिसत नाही. उलट ‘टॅटू’मध्ये जुन्या चालीवर नवे शब्द नुसते डकवल्यासारखे वाटतात. नेमके तेच जानेवारीत सर्वांत आधी बाहेर काढले, त्यामुळे अनेकांची मने अल्बम हाती पडण्यापूर्वीच कलुषित झाली. ही चूक बँडची, चाहत्यांची नव्हे.

रॉथच्या आवाजाविषयीची तक्रार मला तितकीशी वजनदार वाटत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी किंकाळ्या कमी होणारच. ‘स्टे फ्रॉस्टी’मध्ये तो जवळजवळ बोलल्यासारखे गातो, आणि तो गप्पिष्टपणा त्याला शोभतो.

खरी सल आहे ती मायकेल अँथनीची. मागून येणारा त्याचा उंच, स्वच्छ आवाज ही या बँडची अर्धी ओळख होती. त्याला दूर सारून एडीने आपला मुलगा वोल्फगँग याला बेसवर उभे केले. मुलगा उत्तम वाजवतो यात शंका नाही. ‘चायना टाउन’च्या सुरुवातीला बापाची गिटार आणि लेकाचा बेस एकमेकांत अशा गुंततात, की कोण कुठला हे क्षणभर कळत नाही. पण ध्रुपद आले की मागची पोकळी ऐकू येते. तीस वर्षांच्या साथीदाराचे काय, या प्रश्नाला हा अल्बम उत्तर देत नाही. घराणेशाहीचा आरोप करणाऱ्यांना म्हणूनच मी खोटे म्हणणार नाही.

मात्र याच घराची दुसरी बाजूही आहे. यान व्हॅन हेलन हे हॉलंडमधले वादक. त्यांची पत्नी मूळची इंडोनेशियाची. १९६२ साली पियानो बरोबर घेऊन हे कुटुंब कॅलिफोर्नियात पॅसडीना इथे आले, तेव्हा मुलांना इंग्रजी येत नव्हते. परक्या देशात या घराची स्वतःची अशी एकच भाषा होती, ती वाजवण्याची. १९८२ च्या ‘डायव्हर डाउन’ या अल्बममध्ये एका गाण्यात यान यांनी मुलांबरोबर क्लॅरिनेट वाजवली आहे. पुढे त्यांचा नातू त्याच बँडमध्ये आला. आणि त्या जुन्या फिती पुन्हा ऐका, त्यांत दम आहे, असा आग्रह धरणाऱ्यांत हा नातूच पुढे होता. १९९१ साली जन्मलेल्या मुलाने आपल्या जन्माआधीची गाणी निवडून बापापुढे ठेवली!

इथे मला या वादाचे मर्म सापडते. बापाने स्वतःहून जुनी वही उघडली असती, तर ते स्मरणरंजन झाले असते. मुलाने ती उघडली की त्याला वारसा म्हणावे लागते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दोन बॅगांतून आलेल्या कॅसेटी अजून खोक्यात आहेत. त्या आपण कितीदा ऐकल्या याला फारसा अर्थ नाही. मुलांपैकी कोणी कधी खोके उघडून ‘हे काय आहे?’ असे विचारले का, हा खरा प्रश्न. व्हॅन हेलनच्या घरी तो विचारला गेला.

एडी ६ ऑक्टोबर २०२० रोजी गेला. हा बँडचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. सत्तावन्न वर्षांच्या एडीला त्या वयाचे म्हणून काय सांगायचे होते, ते त्यातून पुरते कळत नाही. विरोधकांचा हा मुद्दा मी मान्य करतो. पण विशीत केलेले काम त्याने पुन्हा हातात घेतले, त्यातली भोके बुजवली आणि मुलाच्या साथीने ते वाजवून दाखवले. ‘टॅटू’ वगळा, ‘शीज द वुमन’पासून ऐकायला लागा, आणि मग कुठल्या तटात बसायचे ते ठरवा. माझी खुर्ची दुसऱ्या तटात आहे. फक्त शेजारची एक मायकेल अँथनीसाठी रिकामी ठेवली आहे.