नमुने किती, यापेक्षा मिनिटं किती?

कॅन्सरवर पीएचडी करायचं ठरवलंय? मग टिश्यू कुठून आणणार, हे गाईडने विचारायच्या आधीच बघा. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलसने २००६ पासून ३३ प्रकारच्या कॅन्सरचे (सोबतच्या निरोगी टिश्यूसह) २०,०००हून जास्त नमुने तपासले. पण त्यात भर गोऱ्या रुग्णांचाच. तेव्हा आयआयटी मद्रासच्या नॅशनल कॅन्सर टिश्यू बायोबँकेसारखी सामायिक बँक आपल्याला हवीच, त्यात वाद नाही.

माझा आक्षेप आहे तो मोजणीला. बँकेचं कौतुक नमुन्यांच्या आकड्यावरून होतं. पण गाठ काढली की रक्तपुरवठा तुटतो, पेशी मात्र लगेच मरत नाहीत. ऑक्सिजन नाही म्हणून त्या काही जनुकं चालू करतात, काही बंद. आरएनए तुटायला लागतो. एका हॉस्पिटलने दहा मिनिटांत गोठवलं, दुसऱ्याने दीड तासाने, तर तो फरक तुम्ही खुशाल कॅन्सरचा म्हणून छापाल! स्तनाच्या कॅन्सरच्या रिसेप्टर तपासणीसाठी गाठ तासाभरात फॉर्मेलिनमध्ये जावी म्हणतात, ते उगीच नाही.

म्हणून नमुना मागण्याआधी वेळेची नोंद मागा. ती लिहितो ओटीतला टेक्निशियन, ज्याचं नाव पेपरवर क्वचितच येतं. बँकेच्या बजेटमध्ये त्याचा पगार धरलाय का, तेही विचारून घ्या.