पात्यावरची मुद्रा

शस्त्राची परीक्षा धारेवरून करावी, अशी आपल्याकडील जुनी समजूत. संग्राहकाची रीत निराळी. तो धारेकडे पाहतही नाही. मुठीलगतचा दोन बोटे सपाट भाग पुसतो आणि तेथे काय ठोकले आहे ते वाचतो. जुन्या जर्मन संगिनींच्या बाबतीत हे मुद्रावाचन एखाद्या शास्त्राच्या योग्यतेस पोचले आहे. त्या शास्त्राचा मला आदर आहे. तक्रार आहे ती त्यातून काढल्या जाणाऱ्या निकालांविषयी.

निमित्त घडले ते नंदिगड्ड्यात. गेल्या खंडेनवमीस तेथील एका परिचित घरी गेलो होतो. देवघरात कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्या पंक्तीत झेंडू वाहिलेली एक संगीन होती. घरचे वृद्ध यजमान म्हणाले, "वकीलसाहेब, ही आमच्या आजोबांनी लामावरून आणली, कुतच्या वेढ्यातून. मागल्या महिन्यात जुन्या वस्तूंचे एक गिऱ्हाईक आले होते. ठसा पाहून म्हणाले, तुमची गोष्ट खोटी आहे. आता हिला पूजेत ठेवावी की नाही, सांगा."

पाते मी उजेडात नेले. मुठीलगत 'अलेक्स. कॉपेल, झोलिंगेन' ही अक्षरे पुसट होती. पाठीवर मुकुट, त्याखाली डब्ल्यू हे अक्षर आणि 17 हा आकडा. ज्यास ही लिपी येते त्याला एवढ्यावरून बरेच कळते. मुकुटाखालचे अक्षर राजाच्या नावाचे: बव्हेरियाच्या शस्त्रांवर लुडविगचे एल, प्रशियाच्या शस्त्रांवर विल्हेल्मचे डब्ल्यू. पण व्युर्टेंबर्गचा राजाही त्या काळी विल्हेल्मच होता, आणि तोही दुसराच! म्हणजे पहिल्याच अक्षरापाशी दोन अर्थ संभवतात. आकडा मात्र निःसंदिग्ध आहे. पाते 1917 साली सैन्याने तपासून स्वीकारले.

कुत-अल-अमारा पडले 29 एप्रिल 1916 रोजी. तेथे तुर्कांच्या हाती सापडलेल्या पलटणींत 103, 110 व 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तेव्हा गिऱ्हाइकाचा हिशेब चुकला नव्हता. 1917 चे पाते 1916 च्या वेढ्यात असू शकत नाही. मी तर पुढे जाऊन म्हणेन की, वेढ्यातून कैदेत गेलेला शिपाई शत्रूची संगीन कमरेला लावून घरी येत नाही. त्यासाठी ठसा वाचण्याचीही गरज नव्हती.

पण येथेच निकाल देणे ही घाई झाली. साक्षीदार एका मुद्द्यावर चुकला म्हणून तो सर्वस्वी खोटा, हा नियम आपल्या न्यायालयांनी कधी स्वीकारलेला नाही. भुसा आणि दाणा वेगळा करावा लागतो. मेसोपोटेमियातील युद्ध कुतने संपले नाही. मार्च 1917 मध्ये बगदाद पडले. ऑक्टोबर 1918 मध्ये शरकातला 114 व्या मराठा पलटणीने मोठे शौर्य गाजविले. तुर्की सैन्यास जर्मनीतून शस्त्रे येतच होती. आजोबा लामावर होते आणि तेथून संगीन आली, एवढे या ठशाशी मुळीच विसंगत नाही. तीन पिढ्यांच्या तोंडी लढाईचे नाव बदलले असावे. गाजलेले नाव न गाजलेल्या नावास गिळते, हा अनुभव इतिहासाच्या वाचकांस नवा नाही.

ठसा काय सिद्ध करतो? पाते कोठे घडले, केव्हा स्वीकारले गेले. तेही ठसा खरा असेल तर. पासाऊच्या कारागिरांचा धावता लांडगा झोलिंगेनच्या लोहारांनी उचलला आणि शतकानुशतके चालविला. जिनोव्हाच्या विळीसारख्या दातेरी खुणा आपल्याकडच्या लोहारांनीही ठोकल्या, कारण फिरंगी पात्यास किंमत अधिक येई. आणि ठसा अस्सल ठरला तरी पाते कोणाच्या हाती शोभले, हे तो सांगत नाही. 1875-76 साली कोल्हापूरहून इंग्लंडच्या युवराजास भेट गेलेली जी तलवार शिवछत्रपतींची म्हणून आपण ओळखतो, तिचे पाते युरोपीय आहे. त्याच्या खोबणीत ख्रिस्तनामाची तीन अक्षरे तीनदा उमटविलेली आहेत. ती घडविणाऱ्याचा धर्म सांगतात, वागविणाऱ्याचा नव्हे.

संग्राहकांच्या याद्यांविषयी माझे दुसरे म्हणणे असे की, त्या नाव ओळखतात आणि तेथेच थांबतात. 'कॉपेल' म्हणजे त्यांच्या लेखी एक कारखाना. ठसा दुर्मिळ की सर्रास, एवढाच पुढचा प्रश्न. हे घराणे ज्यू होते. पेढी 1821 ची. तिचे व्यापारचिन्ह तराजू. तिचे अखेरचे धनी डॉ. अलेक्झांडर कॉपेल हे कायद्याचे पदवीधर आणि गावच्या ज्यू समाजाचे अध्यक्ष. 1936 मध्ये नाझी राजवटीत पेढी त्यांच्या घराण्याच्या हातून गेली. 1938 मध्ये त्याच राजवटीने 'झोलिंगेन' या नावाचा कोणी गैरवापर करू नये म्हणून कायदा केला. गावाच्या नावास संरक्षण मिळाले. ज्यांनी त्या नावाखाली शंभर वर्षे आपले नाव कोरले, त्यांच्यातील हा वृद्ध 1942 मध्ये थेरेझिएनश्टाटच्या छावणीत मेला. कैसरच्या सैन्यासाठी 1917 साली ठोकलेले त्याच्या पेढीचे नाव नंदिगड्ड्यातील देवघरात झेंडूखाली शाबूत आहे.

शाबूत म्हणालो, पण किती दिवस? आमच्याकडे खंडेनवमीस लोखंड विटकरीच्या पुडीने, चिंचेने लखलखीत घासतात. दरवर्षी अक्षराचा एकेक पापुद्रा जातो. या पात्यावर झोलिंगेनची शेवटची दोन अक्षरे बोटाला लागतात, डोळ्यांस दिसत नाहीत. गिऱ्हाईक निदान ठसा वाचते तरी. भक्त तो पुसतो, आणि तेही पुण्यबुद्धीने! देवळांच्या भांडारांतील शस्त्रांची स्थिती याहून बरी नसावी. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर न्यायालय तो खरा धरू शकते, असे 1872 च्या पुरावा कायद्यात होते. 2023 च्या नव्या अधिनियमातही ते तत्त्व राहिले आहे. देवघराहून योग्य ताबा कोणता? परंतु दस्तऐवज जपणाऱ्यानेच त्यावरील अक्षरे खरवडली, तर गृहीतक कशाच्या आधारे करावे?

यजमानांना मी सारे सांगितले. कुतची गोष्ट टिकत नाही, हेही सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग विचारले, "ठसा ज्याचा, त्याचे पुढे काय झाले?" तेही सांगितले. त्यांनी विटकरीची वाटी बाजूस सारली, खोबरेल मागविले, आणि मऊ फडक्याने पाते पुसून पूर्वीच्याच जागी ठेवले.